उसनी जीभ

“दरसाली माझ्याच जिभेवर का ही पाळी,” कारभारी गोठ्याच्या दारात पुटपुटला. बोलला तो म्हशीशी. पण वैरण टाकायला वाकलेली त्याची भावजय मनकर्णा हातभरावरच होती.

“मग न्हाई म्हना की, भाऊजी.”

“तुमीच म्हना, वहिनी. मालक तुमचे हायेत.”

तिथंच तर तीन सालं घोडं अडलं होतं.

मनकर्णेचे मालक आप्पासाहेब बेलापुराजवळच्या मळ्यात द्राक्षाची वाईन करायचे. घरात तिला वाईन म्हणायची सोय नव्हती, ‘रस’ म्हणायचं. आप्पासाहेबांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि माळकऱ्यानं दारूचा थेंब जिभेला लावायचा नसतो. करायची नाही, असं मात्र कुठं सांगितलेलं नाही, हा शोध त्यांचा स्वतःचा. परवान्यासाठी दोन वर्षं हेलपाटे घातले. बागेत शेणखत आणि निंबोळी पेंडीशिवाय काही पडू दिलं नाही, मोरचुदाची फवारणीसुद्धा नाही. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेली ती भोकरी जातीची द्राक्षं वाटसरू मागून खायचे. उरलेली सगळी रांजणात जायची.

चव घ्यायला धाकटा भाऊ कारभारी. घरात बिनमाळेचा तो एकटाच. तो घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, “ब्येस.” थोरल्या भावाला दुसरं काय म्हणणार? उरलेला पेला तो गुपचूप केळीच्या बुडात ओतायचा. ती केळ वाळली, तेव्हाच मनकर्णा काय ते समजली.

एकाहत्तर सालचा फाल्गुन. सोमवारी तोड होती. यंदाची द्राक्षं रांजणात घालायची की बाजारात न्यायची, ते आज ठरायचं होतं. म्हणून तिनं माहेरच्या चुलतभावाला, सहादेवला, भिंगारहून मुद्दाम बोलावलं होतं. लष्कराच्या मेसमध्ये वीस वर्षं साहेबांचे पेले भरलेला माणूस. तो तरी खरं बोलेल.

ओसरीवर आप्पासाहेबांनी तीन सालांच्या तीन रांजणांतले तीन पेले सहादेवपुढं मांडले आणि एक कारभारीपुढं. सहादेवनं पहिला उजेडाकडं धरला, हुंगला, घोट घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. टोपी सारखी करायच्या निमित्तानं त्यानं ते पुसलं.

“कसा हाय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“रंग लई झकास, दाजी.”

मनकर्णेनं दात आवळले. रंग म्हणे.

दुसऱ्या पेल्याला तो म्हणाला, “वास दांडगा हाय.” तिसरा गिळायला त्याला जरा वेळच लागला. “तुमच्या हिरीच्या पान्याला गोडी हाय, दाजी.”

मेल्याला बोलावलं कशाला आणि हा बोलतोय काय. पण बहिणीच्या नवऱ्याला तोंडावर नावं ठेवायची नाहीत, हे तिच्याच माहेरानं त्याला शिकवलेलं.

“एक इचारू?” सहादेव म्हणाला. “रांजनाचं तोंड बांधलं की पुन्हा कधी सोडता?”

“दर एकादशीला,” आप्पासाहेब म्हणाले. “झाकन काढायचं, उदबत्ती ओवाळायची, घटकाभर वारा लागू द्यायचा. देवाचं नाव घेतल्याबिगर कुठली वस्तू पिकती?”

सहादेवनं कारभारीकडं पाहिलं. कारभारीनं पांगाऱ्याच्या लाल फुलांकडं.

“आमचे साहेब म्हनायचे, ह्याला वारा लागला की आंब...” सहादेव बोलू लागला आणि दाजींचं तोंड बघून त्यानं बोलणं फिरवलं. “बाकी साहेबांचं काय ऐकायचं.”

मनकर्णेचं डोकं भणाणलं. वीस वर्षं लष्करात काढलेला एक आणि रोज म्हशींशी झुंजणारा एक, दोघंही रांजणाला भ्यायचे. आणि ती स्वतः? वेलीवरची एकेक अळी पहाटे उठून हातानं वेचणाऱ्या माणसाला हे सांगायचं कसं, म्हणून तीही तीन सालं केळीवर राग काढत बसली होती.

ती उठली, बागेतून एक घड तोडून आणला आणि कारभारीच्या पेल्याशेजारी ठेवला.

“भाऊजी, आधी हे खा. मग ते प्या. आन् सोमवारी टोपल्या कुठं न्यायच्या ते सांगा.”

कारभारीनं एक मणी तोंडात टाकला. सावकाश चावला. पेला ओठाला लावला आणि खाली ठेवला.

“ब्येस म्हन की,” आप्पासाहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

“आप्पा,” कारभारी म्हणाला, “ह्यो रस न्हाई, आंबलेला शिरका हाय. तीन सालं झाली, शिरकाच हाय.”