पुसून टाकलेला श्वास

गॅसवरची कॉफीची किटली गुरगुरली आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. त्या आवाजाने माझ्या पोटातली पट्टी किंचित थरथरली. मित्रांनो, त्यावरून मला कळलं, की मी अजून जिवंत आहे.

मी मायक्रोफोन आहे, चांगलाच म्हातारा. माझ्या आत दोन चुंबकांच्या मधोमध ॲल्युमिनियमची एक पट्टी टांगलेली आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. कारागिराने ती स्वतःचा श्वास रोखून बसवली. जन्मल्या जन्मल्या माझ्याबद्दल एकच ताकीद दिली गेली : याच्यावर कुणी फुंकर मारायची नाही. पट्टी फाटली, की मी नुसतं लोखंड.

इटलीतल्या त्रिएस्ते शहराच्या रेडिओवर मी नोकरीला लागलो. डोंगरावरून बोरा वारा सुटला, की तिथली माणसं खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबायची. तरी तो आत यायचाच. माझ्यापुढे बातम्या वाचल्या गेल्या, भाषणं झाली, मासळीचे भावसुद्धा सांगितले गेले. पण मी वाट पाहायचो ती गुरुवारची. गुरुवारी ओंदीना यायची. ऑपेरात गाणारी, सव्वीस वर्षांची. तिचा स्वर माझ्यावरून जाताना मला वाटायचं, मी समुद्रावर वाळत घातलेली चादर आहे.

"बाकीचे माइक माझी खुशामत करतात. हा खरं बोलतो," ती म्हणायची. मला आणखी काय हवं होतं?

मग नवे माइक आले, हलके आणि धीट. मी केरसुण्यांच्या कपाटात गेलो. अंधारात वर्षं मोजता येत नाहीत. मी जुने गुरुवार आठवत पडून राहिलो. शेवटी भंगारात निघालो, तेव्हा नीवेसने मला उचलून घरी आणलं आणि पिठाच्या डब्याशेजारी ठेवलं. शोभेला!

ही नीवेस ऑपेरा रचते. तिची पाच वर्षांची लेक जेम्मा दुपारी झोपली, की स्वयंपाकघराचं टेबल नीवेसचं होतं. एका बाजूला संगणक, दुसऱ्या बाजूला सोलायचे बटाटे. तिच्या नव्या ऑपेरात दीपगृह सांभाळणारी एक म्हातारी आहे. समुद्रातून तिला स्वतःचाच तरुण आवाज साद घालतो. म्हातारी रंगमंचावर गाते, संगणक तिचं गाणं ऐकतो आणि त्या क्षणी तरुण आवाजात उत्तर देतो. तो तरुण आवाज होता ओंदीनाचा, रेडिओच्या जुन्या फितींमधला.

ओंदीना आता चौऱ्याऐंशीची आहे. वरच्याच मजल्यावर राहते. जेम्मा तिला नोना म्हणते, म्हणजे आजी. नीवेस परवानगी मागायला गेली, तेव्हा ती म्हणाली होती, "घे की गं. पण माझं हसं केलंस, तर खाली येऊन कान उपटीन."

फिती इतक्या जीर्ण, की एकदा वाजल्या आणि त्यांचे पापुद्रे सुटले. नीवेसने महिनोन् महिने बसून आवाज निवडून स्वच्छ केला. वाऱ्याची घरघर काढली, खुर्चीची करकर काढली. गाणं नव्हतं ते सगळं काढलं, आणि उरलं तेवढंच जपून ठेवलं.

सोमवारी फुल्वियो आला, कोरसचा मास्तर. दारातूनच ओरडला, "नीवेस, माझी पंचवीस माणसं तोंड उघडून उभी आहेत, मासळीबाजारातल्या मासळीसारखी! सुरू कधी करायचं त्यांनी?"

"मी दिवा लावते ना. हिरवा झाला, की सुरू करा."

"आम्ही काय मोटारी आहोत? अगं, गाणारी श्वास घेते, तो ऐकून आम्ही श्वास घेतो, आणि मग सगळे एकदम उठतो. तुझ्या संगणकातली ही पोरगी श्वासच घेत नाही! दिग्दर्शक म्हणालाय, बुधवारच्या तालमीत जमलं नाही, तर यंत्र बंद. मग शनिवारच्या प्रयोगात उरणार काय? एक म्हातारी आणि खारं पाणी."

तो गेला. नीवेसने तो आवाज पुन्हा पुन्हा लावला. तेवढ्यात ओंदीना सूपचं भांडं परत द्यायला आली आणि दारातच थबकली.

"कोण ही?"

"तुम्हीच, सिन्योरा."

"मी? ही तर मेलेली आहे. मी श्वास घेऊन गाणारी बाई."

नीवेसचा चेहरा उतरला. "मी पुसला तो. मला वाटलं, खरखर आहे."

"सात वर्षं गुरूंनी मला श्वास घ्यायला शिकवला, आणि तू तो कचऱ्यात टाकलास!" ओंदीना इतकी हसली, की तिला खुर्ची द्यावी लागली. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "काढ तो म्हातारा."

आधी नव्या माइकवर नीवेसने तिचा श्वास टिपून पाहिला, पण तो परक्या बाईचा वाटला. म्हणून मला पुसलं, वायर जोडली. मित्रांनो, मी फार घाबरलो. माझी पट्टी सैल पडली होती. एक उच्छ्वास सरळ आला असता, तर मी संपलो असतो.

ओंदीनाने तोंड जरा तिरकं केलं. तिला आठवत होतं! डोळे मिटून ती मनातल्या मनात गाऊ लागली आणि प्रत्येक ओळीआधी श्वास घेऊ लागली. पूर्वी तो श्वास एका झेपेत वर जायचा. आता जिना चढताना मधल्या पायरीवर टेकत होता. पण जागा त्याच होत्या. स्वयंपाकघर विरघळलं, पिठाचा डबा विरघळला. मला वाटलं, आज गुरुवार आहे. एकतीस श्वास मी झेलले. पट्टी टिकली.

मंगळवारी नीवेसने फुल्वियोला बोलावून ते श्वास जोडलेला जुना आवाज लावला. स्पीकरच्या खोक्यातून तो श्वास आला आणि फुल्वियोचे खांदे आपोआप वर उचलले गेले. एकटाच, पंचवीस जणांचं गाणं तो अचूक वेळेवर गायला. मग टोपी डोळ्यांवर ओढून म्हणाला, "उद्या तालमीला ये. दिवा घरी ठेव."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ जरूर पुसा. फक्त पुसण्याआधी एकदा कान लावून बघा, एवढंच माझं मागणं आहे.

टेबलाखालून जेम्मा बाहेर आली. आवाज अजून चालूच होता. तिने खोक्याकडे पाहिलं, पाव खात बसलेल्या ओंदीनाकडे पाहिलं आणि नीवेसचा हात ओढला.

"आई, गातेय ती तेव्हाची नोना, आणि श्वास घेतेय ती आत्ताची नोना. मग तो श्वास जातो कुणाच्या पोटात?"