आवळ्यांचं वाण

माझी ताई, चंद्रप्रभा, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाली आणि फायलींवरचा सगळा जोर तिने लेकीच्या तब्येतीवर काढला. मैत्रेयीला, म्हणजे माझ्या भाचीला, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर भलतीकडेच वाढतं, पाळी आली की बाई कळवळते. लग्नाआधीच तिचं उजवं अंडाशय काढावं लागलं होतं. आता डाव्यातही गाठ झाली होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला, नचिकेतला, मूल हवं होतं आणि त्यासाठी हे एकच उरलं होतं.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या होत्या, मी समोर बसले होते. या आजारात शरीर आतून झिजतं, लोखंडाला गंज चढावा तसं. फळं, पालेभाज्या, आवळा यांतल्या अँटिऑक्सिडंट्सनी ती झीज थोडी आवरते, कुणाकुणाचं दुखणंही कमी होतं. पण गाठ त्याने विरघळत नाही. सोनोग्राफी चुकवू नका, अंडी गोठवून ठेवायचं लवकर ठरवा. एवढ्या बोलण्यातून ताईने आवळा तेवढा उचलला.

मग काय विचारता! दिल्लीतल्या द्वारकेहून नोएडाला मेट्रोने डाळिंबाचे दाणे, आवळ्याचा रस, ओली हळद जाऊ लागली. लेकीच्या घरातून मैदा हद्दपार झाला, चहा गेला. ताईने एकदा मनावर घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. मैत्रेयी फोनवर बरं वाटतंय म्हणायची आणि ताईचा चेहरा उजळायचा. भावजी गेल्यापासून मी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ताईने वाण म्हणून मोरावळ्याच्या बरण्या लुटल्या. सोसायटीतल्या सगळ्या मराठी बायका आल्या होत्या. लेकीला मधोमध बसवून ती म्हणाली, "हातच्या कांकणाला आरसा कशाला? आमची मैत्रेयी बघा. बिल्कुल बरी झाली. ऑपरेशन नाही की काही नाही."

दोघीतिघींनी आपल्या मुलींसाठी जास्तीची बरणी मागून घेतली. मैत्रेयी हसत होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. नंतर ती स्वयंपाकघरात ओटा धरून उभी दिसली. मी विचारलं, तर पाठ धरलीय म्हणाली.

चारचौघींसमोर बरी झालेली पोर सोनोग्राफीला कशी जाणार? तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. नचिकेतने विषय काढला तर मायलेकी मिळून त्याला गप्प करत. होळीनंतर मैत्रेयी ऑफिसात कोसळली. गाठ फुटली होती. डॉक्टरांनी शर्थ केली, पण अंडाशय वाचलं नाही.

तिच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुखणं मारायच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. नचिकेतने ती आणून ताईपुढे ठेवली. मला संताप आला होता. आधी ताईचा आला, मग पोरीचा, मग त्या हळदीकुंकवाला आलेल्या सगळ्यांचा. ताईला चार शब्द सुनवायचे म्हणून मी हॉस्पिटलात गेले आणि तिचं तोंड बघून तिच्या शेजारी जाऊन बसले.

मैत्रेयी जागी झाल्यावर ताईने विचारलं, "इतकं दुखत होतं तर मला सांगितलं का नाहीस, बाळा?"

"तू रोज विचारायचीस, बरं वाटतंय ना? त्यावर काय सांगणार, आई? बाबा गेल्यावर तू पहिल्यांदाच खूश होतीस."

ताई बराच वेळ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आत्ता दुखतंय का?"

"हो. खूप दुखतंय."

मैत्रेयी हुंदके देऊन रडायला लागली, आणि ताईने या खेपेला बरं वाटेल असं न म्हणता तिला रडू दिलं.