सुग्रीवच्या पायाला बांधलेलं वजन

दुखऱ्या पायाला लोखंड बांधल्यानं माणूस बरा होतो, हे तुम्ही कधी ऐकलंय का? बायडाबाईनं ऐकलं नव्हतं. म्हणून मी त्यांच्या घरात आलो त्याच दिवशी तिनं मला उचललं आणि ज्वारीच्या कणगीत पुरून टाकलं. पण ते पुढं येईलच. आधी मी कोण ते सांगतो.

मी दोन किलोचं वजन बोलतोय. तराजूच्या पारड्यात ठेवतात ते, सहा कोपऱ्यांचं, काळं, ओतीव लोखंडाचं. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी अगदी खरा दोन किलोचा होतो. माझ्या पोटाशी शिशाचा एक ठिपका होता आणि त्यावर सरकारी शिक्का होता. तो शिक्का मिरवत मी तेलगावकडच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानात आलो.

त्या व्यापाऱ्याचं नाव मी सांगणार नाही. माणूस गेला, आणि त्याची नातवंडं चांगली आहेत. तो शेतकऱ्यांकडून तूर आणि कापूस घ्यायचा. एके दिवशी त्यानं माझं पोट कोरून घेतलं, आत शिसं ओतलं आणि वरून काळा रंग दिला. झालं! पाठीवर दोन किलो लिहिलेलं तसंच राहिलं आणि मी दोन किलो दोनशे ग्रॅमचा झालो. शेतकरी म्हणायचा, "शेठ, घरून तर जास्ती मोजून आणलतं." व्यापारी माझ्याकडं बोट दाखवायचा. "लोखंड खोटं बोलत असतंय व्हय?" मग तो माणूस मान खाली घालून रिकामं पोतं झटकायचा. किती माना खाली गेल्या असतील, मला मोजता आल्या नाहीत.

पुढं धारूरच्या डोंगराकडच्या एका गावानं आपली सहकारी सोसायटी काढली. व्यापारी दुकान बंद करत होता. त्यानं तराजू आणि आम्ही सगळी वजनं सोसायटीला देणगी म्हणून दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोसायटीचे सेक्रेटरी पंचाक्षरी अप्पा, कपाळावर भस्माचे पट्टे आणि हातात कायम फडकं. त्यांनी मला पुसून फळीवर ठेवलं. सोसायटी गुरांसाठी सरकी पेंड विकायची. आता मी विकणाऱ्याच्या बाजूला होतो, म्हणून ज्याला त्याला थोडी जास्तच पेंड जायची आणि हिशेबात पोतं मात्र कमी भरायचं. अप्पांनी उंदरांवर आळ घेतला आणि एक मांजर आणलं. बिचारं मांजर उपाशी राहिलं, कारण गोदामात उंदीर नव्हतेच.

वर्षभरात इलेक्ट्रॉनिक काटा आला. सोसायटी दूधही घेऊ लागली. मला कुणी विचारेना. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून अप्पांनी मला दाराला टेकवून ठेवलं. तिथं मी बरीच वर्षं लोकांच्या चपला पाहत काढली.

मग ते दुष्काळाचं साल आलं. मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. टँकर चौथ्या दिवशी यायचा. दिवाळी झाली तसं अर्धं गाव ऊसतोडीला निघालं. आमच्याकडं ऊस तोडायला नवरा-बायको जोडीनं जातात. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची. त्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. आसाराम आणि मंजुळा असाच एक कोयता होता. लग्न झाल्यापासून एकही हंगाम चुकला नव्हता.

पण त्या साली आसारामचा धाकटा भाऊ सुग्रीव सुट्टीवर घरी आला. तो फौजेत भरती झाला होता तेव्हा गावानं त्याला वाजत-गाजत नेलं होतं. आता तो जीपमधून उतरला तो काखेत कुबडी घेऊन. ट्रेनिंगमध्ये नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडायचा असतो. त्याची उडी बरोबर होती, पाय मात्र वाकडा पडला. गुडघ्यातला लिगामेंट अर्धा फाटला. फौजेच्या दवाखान्यात प्लॅस्टर, आणि प्लॅस्टर काढल्यावर सहा आठवड्यांची सुट्टी. सुट्टी संपल्यावर डॉक्टरांचा बोर्ड पाय तपासणार होता. पायात ताकद आली असेल तर पुढच्या बॅचमध्ये घेणार. नसेल तर कायमचं घरी.

त्याची आई बायडाबाई म्हातारी. टँकरच्या गर्दीत घागर धरायची ताकद तिच्यात नव्हती, आणि दावणीला एक दुभती गाय होती. मंजुळा नवऱ्याला म्हणाली, "तुमी जावा चुलत भावाला घिऊन. मी हितंच ऱ्हाते."

"आगं, दोन गडी एका कोयत्यावर! मोळी कुणी बांधायची?"

"शिकल की त्यो मोळी बांधाया. एक हंगाम वाकडा गेला तर गेला. भावजीचा पाय वाकडा ऱ्हायला तर जल्माचं व्हईल."

आसाराम चुलत भावाला घेऊन निघाला. जाताना त्यानं भावाच्या खाटेचा लचकलेला पाय ठोकून घट्ट करून दिला.

सुग्रीवजवळ व्यायामाचा एक कागद होता, हिंदीत लिहिलेला. मंजुळा तो घेऊन सोसायटीत आली. अप्पांनी वाचून सांगितलं, "खाटेवर उताणं झोपायचं. घोट्याला वजन बांधायचं. गुडघा न वाकवता पाय वर. आधी अर्धा किलो, मग एक, शेवटी दोन. दोन किलोचं तीस वेळा जमलं म्हंजे पाय तयार."

"वजन कुठून आणू, अप्पा?"

अप्पांनी इकडं तिकडं पाहिलं आणि दाराशी मी दिसलो. त्यांनी मला आणि माझ्या दोन धाकट्या भावंडांना, अर्ध्या किलोला आणि एक किलोला, तिच्या पिशवीत घातलं. त्या धाकट्यांच्या पोटाला व्यापाऱ्यानं हात लावला नव्हता. ती दोघं खरी होती.

घरी पोचलो आणि बायडाबाईनं आकांत मांडला. "पोराच्या पायाला लोखंड बांधतीस? चोर हाय का त्यो बेड्या घालाया? मंजुळे, तुला काय वाटतं का न्हाई?" मंजुळा पाण्याला गेली तशी म्हातारीनं आम्हा तिघांना कणगीत पुरलं. संध्याकाळी दळण काढताना मंजुळाच्या हाताला मी लागलो. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आत्याबाई, ह्ये काय पेरलंय? दुष्काळात लोखंड उगवतंय व्हय?" म्हातारीला हसू आलं, आणि तिनं विरोध सोडला. निदान तोंडानं तरी.

मंजुळानं आसारामच्या जुन्या पँटीचा पाय कापून पिशवी शिवली, तिला दोन बंद लावले. सकाळी दूध घालून आल्यावर ती खाटेच्या पायथ्याशी बसायची आणि चिंचोक्यांनी मोजायची. पाय एकदा वर गेला की एक चिंचोका उजवीकडं. अर्धा किलो झाला. एक किलो झाला. गावातली रिकामी मंडळी दारावरून जाताना टोमणे मारायची, "काय बे सुग्रीव, बंदूक कवा मिळायची? का नुसतं खाटंवरच लढायचं हाय?" सुग्रीव तोंड भिंतीकडं करायचा. मंजुळा आतून उत्तर द्यायची, "या की दाजी, तुमच्याबी पायाला बांधते. बघू किती येळा उचलतंय!"

मग शेवटचे पंधरा दिवस राहिले आणि माझी पाळी आली.

पहिल्या दिवशी नऊ वेळा. मग बारा. मग सोळा, एकोणीस, बावीस. आणि बावीसवर गाडं अडलं. सहा दिवस झाले, तेविसावा चिंचोका उजवीकडं जाईना. मांडी थरथरायची, घाम यायचा, दात आवळायचा पोरगा, आणि पाय हातभर वर येऊन खाली पडायचा. मला सगळं ठाऊक होतं. माझ्या पोटातलं ते पापाचं शिसं त्याचा पाय खाली ओढत होतं. ओरडून सांगावंसं वाटायचं, अरे, मी लिहिल्याइतका नाही रे! पण लोखंडाला तोंड कुठलं.

सुट्टीचे पाच दिवस उरले तेव्हा सुग्रीवनं बंद सोडले आणि मला खाटेखाली ढकललं.

"वहिनी, माप परत दिऊन या. मी न्हाई जात. तिथं नापास हून येण्यापरीस दादाकडं ऊस तोडाया जातो, त्याच्या कोपीवर ऱ्हातो. तुमचा हंगाम माझ्यापायी गेला, निदान मोळ्या तरी बांधीन."

"पाय सरळ व्हईना अन् निघाले फडात! उसाला सलाम ठोकनार का तिथं?"

तो हसला नाही. मंजुळानंही मग मान वळवली. तिचे डोळे भरले होते. ते तिनं भावजींना दिसू दिले नाहीत.

सकाळी तिनं एका हातात दुधाची किटली घेतली, दुसऱ्या हातात मला. सोसायटीत बायांची रांग होती आणि भांडण पेटलं होतं. दगडाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "अप्पा, तुमचा काटा दूध खातोय! घरी मोजलं तर पाच, हितं आलं की साडेचार!"

"काटा तपासलेला हाय, दगडाबाई."

"मला त्या लाल आकड्याचं काय सांगताव? लोखंडाचं माप ठिवा त्यावर. लोखंड खोटं बोलत न्हाई!"

मंजुळाच्या हातात मी होतोच. अप्पांनी मला काट्यावर ठेवलं. आकडा उमटला: दोन किलो दोनशे.

दगडाबाईनं आकडा पाहिला, मला पाहिलं, आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मग. काटा चांगला हाय!"

बाया हसून लोटपोट झाल्या. अप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी मंजुळाला घरून धाकटी दोन वजनं आणायला लावली. ती काट्यावर ठेवली. बरोबर दीड किलो. मग त्यांनी मला उलटं केलं आणि खिळ्यानं रंग खरवडला. आतून शिसं चमकलं. अप्पा मटकन खुर्चीत बसले. "म्हंजे उंदीर न्हवते," ते म्हणाले.

मंजुळा पुढं आली. "अप्पा, ह्ये माप दोन किलोचं न्हाई?"

"न्हाई गं माय. दोनशे ग्रॅम जास्ती हाय."

"आमच्या भावजीनं सहा दिस झाले ह्ये बावीसदा उचललंय."

दगडाबाई म्हणाली, "मग हितं कावून हुबी हाईस? खरं दोन किलो घी की!" अप्पांनी काट्यावर दोन किलो वाळू तोलली, एक ग्रॅम इकडं नाही की तिकडं नाही. मंजुळानं ती पँटीच्या पिशवीत भरली. मी तिच्या दुसऱ्या काखेत होतो. मागून रिकाम्या किटल्या वाजवत सगळी रांग आली.

सुग्रीव गर्दी पाहून घाबरला. मंजुळानं त्याला सगळं सांगितलं आणि वाळूची पिशवी बांधली. बाया मोजू लागल्या. वीस. बावीस. तेवीस सहज गेला. सत्तावीसला मांडी थरथरली. अठ्ठावीसला पाय अर्ध्यात थांबला. तेव्हा बायडाबाईच, कणगीत लोखंड पुरणारी ती म्हातारी, ओरडली, "उचल रं माझ्या लेकरा!" एकोणतीस. तीस. सुग्रीवनं डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि रडला. नंतर म्हणाला, "वहिनी, वाळू सोडा. मला त्येच खोटं माप बांधा." जायच्या दिवसापर्यंत तो मला एका दमात सव्वीस वेळा उचलू लागला.

निघताना तो मंजुळाच्या पाया पडायला वाकला. ती मागं सरकली. "गुडघा वाकतो ते मला नका दाखवू, बोर्डाला दाखवा." जीप केजकडं वळेपर्यंत ती दारात उभी होती.

आता मी सोसायटीच्या टेबलावर आहे. अप्पांनी माझ्या गळ्यात दोरा बांधून 'खोटे वजन' अशी चिठ्ठी लावली आहे. वजनमापाचे साहेब आले की मला फोडतील, वितळवतील. वितळवावंच. माझं एकच मागणं आहे: मला पुन्हा पारड्यात ठेवू नका. खोट्या वजनाला तराजूत जागा नसावी. पण माझं मन भरलेलं आहे. ज्या शिशानं माझी उमर काळी केली, त्याच शिशाचं एका बाईनं कुणाचं तरी भलं करून घेतलं. हंगाम सोडून ती खाटेच्या पायथ्याशी बसली, म्हणून माझ्यासारख्याच्याही वाट्याला एवढं पुण्य आलं. मंजुळे, तुझे उपकार मी विसरणार नाही.

बुधवारी बोर्ड होता. बुधवारी दिवसभर फोन आला नाही. मंजुळा संध्याकाळी दूध घालायला आली, तेव्हा तिनं अप्पांना फक्त, "न्हाई अजून," एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दहा मिनिटं उशिरा आली, किटली काट्यावर ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, भावजीला पुढच्या बॅचमध्ये घेतलं."