उद्याची राखण

बुरुलचाबाईंनी उपेलची मोडक्या शिंगाची बकरी तिच्या फाटकातून आत ढकलली, फाटक पायानंच लोटलं आणि घोड्याच्या मानेवर हात टेकून जरा वेळ उभ्या राहिल्या. कळप घरोघर पोचला होता. गल्लीत धूळ अजून तरंगत होती. आता एकच काम उरलं होतं, पुढच्या घरी निरोप द्यायचा.

पुढचं घर अनारकानचं. त्याच्या पुढचं कादिरकुलचं. आणि कादिरकुल आपल्या फाटकाबाहेरच्या बाकावर बसून त्यांच्याकडेच पाहत होता.

“दमलात बाई?”

“डोंगर दमला असेल. मी घोड्यावर होते.”

तो हसत उठून उभा राहिला. आता अठ्ठावन्न वर्षांचा होता, छातीवर पांढरी दाढी रुळत होती, गल्लीतले तंटे तोच सोडवायचा. पण बाई समोर आल्या की अजून उभा राही. पहिलीत तो आकडे उलटे लिहायचा आणि बाई त्याचा हात हातात धरून गिरवून घ्यायच्या. गल्लीतली निम्मीअधिक माणसं बाईंच्या हाताखालून गेलेली. अनारकानही.

“शुक्रवारी मशिदीत ठरलंय ते लक्षात आहे ना?” त्यानं आवाज उतरवला. “ते एक घर सोडून निरोप द्यायचा. म्हणजे सरळ मलाच. मी इथेच आहे. सांगून टाका, तेवढीच तुमची पायपीट वाचेल.”

“आधी घोड्याला पाणी पाजू देशील की नाही?”

“पाजा, पाजा.”

बाईंनी घोडा घरी नेला, पाणी पाजलं आणि परत बाहेर आल्याच नाहीत.

गल्लीत एकवीस घरं होती. सगळ्यांच्या मेंढ्या एकाच कळपात चरायच्या आणि दर दिवशी एका घरानं त्या डोंगरावर न्यायच्या. संध्याकाळी कळप खाली आणला की त्यानं पुढच्या घराला तोंडानं सांगायचं, उद्या तुमची राखण. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण जोवर सांगितलं नाही तोवर राखण आपल्याच गळ्यात, एवढं लहान पोरांनाही ठाऊक होतं. बाई आता एकाहत्तर वर्षांच्या. मागच्या वर्षी कादिरकुलनं सुचवून पाहिलं होतं की बाईंना राखण माफ करू या. “मला अजून पुरलेलं नाही,” असं बाईंनी त्याला सुनावलं होतं.

अनारकानचा नवरा चार वर्षांपासून रशियात बांधकामावर होता. धाकट्या बहिणीच्या आजारपणात ती वर्षभर शहरात राहिली आणि तिथल्या एका प्रार्थनाघरात जाऊ लागली. वसंतात तिनं नदीत बुडी घेतली, येशूची झाली, आणि परत आल्यावर कोणी विचारलं तर लपवलं नाही. तेव्हापासून तिच्या एका खिडकीला काचेऐवजी फळी होती. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम गेलं होतं. सख्ख्या मावशीच्या मयताच्या जेवणात तिचा वाडगा बायकांनी वेगळा ठेवला होता. आणि आता राखण. राखणीतून नाव गेलं की मेंढ्या कळपात नाहीत. दोन पोरं सांभाळणारी एकटी बाई सात मेंढ्यांमागे रोज डोंगरावर जाणार तरी कशी? मेंढ्या विकायच्या, मग घर विकायचं. कोणी तसं बोललं नव्हतं. “तिच्या अंगाला कोणी बोट लावणार नाही,” एवढंच कादिरकुल सांगे, आणि ते सांगताना त्याचा चेहरा समाधानी दिसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पुन्हा घोड्यावर खोगीर चढवलं. फाटकं उघडत गेली, मेंढ्या बाहेर येत गेल्या. अनारकाननं आपल्या सात मेंढ्या कळपात सोडल्या आणि मान वर न करता आत गेली.

“आज परत तुम्हीच?” उपेलनं विचारलं.

“मला वर बरं वाटतं.”

तिसऱ्या दिवशीही त्याच. चौथ्या दिवशी उपेल फाटकावर रेलून म्हणाली, “बाई, मेंढ्यांची शाळा काढलीत की काय? आमची ती काळी नापास झाली तर घरी कळवा हं!”

बाई हसल्या नाहीत. कादिरकुल बाकावरून पाहत होता; त्याला वाटलं, बाईंनी आपलं ऐकलंय, फक्त कोणाचं मन मोडायला नको म्हणून स्वतः राबतायत. पहिल्या दिवसानंतर त्यानं पुन्हा काही विचारलं नाही. अनारकानच्या मेंढ्या रोज कळपात येत होत्या, त्यालाही तो काही बोलला नाही. अशी ही गोष्ट जणू मिटली होती.

बाईंना मात्र आपण काय करतोय ते उमगत नव्हतं. डोंगरावर कडू झुडपांचा वास घेत त्या बसत आणि मनातल्या मनात अनारकानला रागवत. कशाला गेलीस? तुझ्या आईच्या कबरीवर दुवा कोण मागणार? मग राग कादिरकुलवर जाई. मग तो कुठेच टिकत नसे, आणि त्या दगडावर काठीनं रेघा ओढत बसत.

पाचव्या दिवशी दुपारी अनारकान डोंगर चढून आली. फडक्यात भाकरी आणि लोट्यात ताक होतं. तिनं ते बाईंसमोर ठेवलं, पण बसली नाही.

“बस की.”

“बाई, आज माझ्या राखणीचा चौथा दिवस आहे.”

बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. “तुझ्यासाठीच करतेय मी. तुझ्या मेंढ्या तर येतायत ना कळपात?”

“येतायत. बायका म्हणतात, बाईंची दया.” अनारकानला अजून धाप लागलेली होती. “माझ्या थोरल्याला शाळेत विचारलं, तुमची राखण बाई करतात, मग तुमच्या घरातलं माणूस मेलं काय? मी काय सांगू त्याला?”

“मग काय करायला हवं होतं मी? तुझ्या दारात निरोप दिला असता तर सकाळी एकानंही मेंढ्या सोडल्या नसत्या.”

“नसत्या सोडल्या. पण निरोप तर मिळाला असता.”

बाईंनी भाकरी फडक्यावर परत ठेवली. मग वर्गात एखाद्या पोराला विचारावं तशा आवाजात त्यांनी विचारलं, “तुला ते प्रार्थनाघर का हवंसं झालं गं, अनारकान? खरं सांग.”

“मला नीट सांगता येत नाही.” आता ती बसली, जरा लांब. “इथे रडू आलं की थांबायचंच नाही. तिथे बसलं की थांबायचं. बास, एवढंच. मी काही फार शिकलेली नाही.”

“एवढ्यासाठी?”

“तुम्हीच आम्हाला तिसरीत शिकवलं होतं, आकाशात कोणी नाही. पुस्तकात चित्र होतं, अवकाशयानातला माणूस हात हलवतोय. आम्ही ते पाठ केलं. मग जुनं सरकार गेलं, मशीद झाली आणि तुम्ही नमाज पढायला लागलात. कादिरकुलदादापण. सगळेच. तेव्हा कोणी कोणाची राखण काढून घेतली नाही.”

ती टोचून बोलत नव्हती. खरोखर विचारत असावी तशी ती बाईंकडे पाहत होती. बाईंनी डोळ्यांवर हात धरून खाली गावाकडे पाहिलं. पत्र्याची छपरं, उंच सरळ झाडांची रांग. ते चित्र त्यांना आठवत होतं. पोरांना ते आवडावं म्हणून त्या यानाचा आवाज काढून दाखवत. तेव्हा त्या खोटं बोलत नव्हत्या. आता पहाटे उठून नमाज पढतात, त्यातही काही खोटं नव्हतं. मग मधे कधी काय झालं, ते त्यांना कितीही आठवून सापडेना.

त्या उठल्या. गुडघा कुरकुरला. घोड्याचा लगाम हातात घेऊन त्या अनारकानसमोर आल्या आणि, गल्लीतल्या कोणत्याही घराला सांगतात तसं, सरळ आवाजात म्हणाल्या,

“आज तुझी राखण.”

अनारकान गडबडून उभी राहिली. “आत्ता? अर्धा दिवस गेला, बाई.”

“उरलेला अर्धा तुझा. ओढ्यापलीकडे जाऊ देऊ नकोस, तिथे विषारी पाला आहे.”

भर दुपारी बाई एकट्याच घोड्यावरून उतरताना दिसल्या तेव्हा बाकावरचे तिघे, कादिरकुल आणि दोन शेजारी, उठून उभे राहिले. कादिरकुल पुढे धावला.

“बाई, कळप? काही झालं का?”

“वर आहे.”

“कोणाजवळ?”

“अनारकानजवळ. तिची राखण आहे. सांगितलं मी तिला.”

कादिरकुलनं डोंगराकडे पाहिलं, मग बाकाकडे, मग पुन्हा बाईंकडे. दाढी मुठीत धरून तो म्हणाला, “बाई, काय केलंत हे! तुम्ही तर… चार दिवस तुम्ही…”

“चार दिवस माझं चुकत होतं.”

“आणि आता बरोबर आहे?”

“ते मला ठाऊक नाही, कादिरकुल,” बाई म्हणाल्या. त्या खरंच त्याच्याकडून उत्तर मिळेल म्हणून थांबल्या होत्या. “तुला ठाऊक आहे?”

बाकावरच्या एकानं घोडा काढायची भाषा केली. दुसऱ्यानं विचारलं, जाऊन करणार काय? दोनशे मेंढ्यांतून ज्याच्या त्याच्या निवडून काढणार? तसा पहिला परत बसला. बाई घरी गेल्या नाहीत. त्याही बाकाच्या टोकाला बसल्या. चहा आला, तो कोणी फारसा प्यायला नाही.

ऊन कलल्यावर कळप खाली आला. अनारकान पायी मागून येत होती, डोक्याचा रुमाल धुळीनं पांढरा झालेला. मेंढ्या रोजच्यासारख्या आपापल्या फाटकांत वळल्या. राखण कोणाची होती याचं त्यांना काय! बायका फाटकं धरून उभ्या होत्या. उपेलनं आपली बकरी आत घेतली आणि फाटक उघडंच ठेवलं. शेवटी कादिरकुलच्या मेंढ्या आल्या, आणि त्यांतली एक, काळ्या कानांची, मागचा पाय उचलून चालत होती.

“हे काय?” कादिरकुलला एकदम आवाज सापडला. “सकाळी धडधाकट होती ही! एका दिवसात लंगडी करून आणलीस?”

गल्ली थांबली.

“काटा रुतला होता, दादा,” अनारकान म्हणाली. “काढलाय. खुरात आतपर्यंत गेला होता, थोडा राहिलाय का ते उजेडात बघा. उद्या तिला चढण नको. वर नेऊच नका.” ती थबकली. ओठांवरची धूळ तिनं रुमालाच्या टोकानं पुसली. “म्हणजे तुम्ही बघालच. उद्या तुमची राखण.”

बाकावरच्या दोघांनी ते ऐकलं. उपेलनं फाटकातून ऐकलं. कादिरकुलनं तोंड उघडलं, दाढीवरचा हात खाली आला, आणि सगळे आपल्याकडेच पाहतायत हे त्याला कळलं. त्यानं बाईंकडे पाहिलं, पहिलीत आकडा उलटा पडला की पाहायचा तसं. पण त्याही त्याच्याकडे तशाच पाहत होत्या.

मग काळ्या कानांच्या मेंढीचा पाय हातात घेऊन तो खूर बघायला खाली वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.