अजून पाव फेरा

बंदुका दुरुस्त करण्यात माझी चाळीस वर्षं गेली. स्क्रू किती आवळायचा ते माझं मनगट सांगतं, मला कुणी शिकवायला येऊ नये, असं मी म्हणायचो. आता नाही म्हणत.

भाची माझ्या दुकानातच लहानाची मोठी झाली आणि नेमबाज झाली. युवा गटाच्या राष्ट्रीय संघाच्या निवडीत दोनदा थोडक्यात हुकली. सव्विसाव्या वर्षानंतर त्या गटात घेत नाहीत, म्हणजे यंदाची ही शेवटची संधी. अशा वेळी पोरीनं काय विकत आणावं? टॉर्क पाना! ठरवलेला जोर झाला की टक् करून थांबा म्हणणारा.

"मामा, बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या कड्यांचे स्क्रू पंधरा इंच-पौंड, दस्त्याचे पंचेचाळीस. बनवणाऱ्यांनी कागदावर लिहून दिलंय."

"पंधरा? अगं, लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा याहून घट्ट लावतात!"

"बरणी जाड असते. ही नळी पातळ आहे, दाबली गेली तर आतली भिंगं हलायची बंद होतात."

"म्हणजे इतकी वर्षं मी माशा मारत होतो?"

ती हसली. सगळे स्क्रू तिनं स्वतः आवळले आणि प्रत्येकाच्या डोक्यावरून कडीपर्यंत लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते म्हणे.

स्पर्धेच्या सकाळी ती अंघोळीला गेली होती. बंदुकीची पेटी टेबलावर उघडीच. मला राहवलं नाही. धक्क्यानं स्क्रू सैल झाले तर? शेवटची संधी पोरीची! माझी जुनी स्क्रूची किल्ली घेतली आणि कड्यांच्या आठही स्क्रूंना पाव-पाव फेरा दिला. मनगट म्हणालं, आता कसं झकास. जित्याची खोड, दुसरं काय.

दुपारी मैदानावर वारा फिरला. तिनं दुर्बिणीची नेम सरकवायची चकती दोन घरं फिरवली. गोळी होती तिथेच लागली. आणखी दोन घरं, तरी तेच. आणखी एक फिरवलं आणि गोळी एकदम लक्ष्याच्या काठावर गेली. मागे उभ्या उभ्या मला सकाळचा पाव फेरा आठवला. ती दोन गुणांनी हुकली.

"दुर्बीण दगाबाज निघाली," एवढंच ती सगळ्यांना म्हणाली. मी मूग गिळून बसलो. हो, बसलो. लाज वाटते सांगायला.

आठ दिवसांनी दुकानात मी कड्या सोडल्या. नळीवर गोल वळ उमटला होता, नखाला लागत होता. ती समोरच नळी पुसायचं फडकं शोधत होती.

"पोरी, हे मी केलं. त्या सकाळी."

"माहीत आहे. पेटी बंद करताना रेघा तुटलेल्या दिसल्या."

"मग सैल का नाही केलेस? वेळ होता ना हातात!"

"होता. पानाही काढला होता." तिला फडकं सापडलं. "मग वाटलं, मामानं हात लावलाय म्हणजे बरोबरच असेल. ठेवून दिला."

चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं मला.