माझ्या अंगावरचे लांबट इंच

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्हाला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. आहे ते नुसतं लांबच लांब अंग, आणि त्या अंगावर एका ओळीत आकडे. तुम्हाला कुणी खायला देत नाही, पण दिवसातून पन्नास वेळा कुणाच्या तरी कमरेला मिठी मारायला लावतं. आलं का डोळ्यांसमोर? आता डोळे उघडा. मी शिंप्याची एक जुनी टेप आहे.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आधी मी साधी कापडी पट्टी होते. मग मला पिवळा रंग चढवला, वाळवलं, आणि एका बाजूला साठ इंच, दुसऱ्या बाजूला दीडशे सेंटिमीटर छापले. दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या बसवल्या तेव्हा मला नव्या नवरीसारखं वाटलं. मला विकत घेतलं ते एका तरुण शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांनी मला गळ्यात टाकलं, आणि त्या दिवसापासून माझं घर म्हणजे त्यांचा गळा.

दुकान लहान होतं. मास्तर माप घेत, कापत आणि शिवत. त्यांची बायको शेजारी बसून काजं करी, बटणं लावी आणि तुरपाई करी. दोघं दिवसभर बोलत नसत, कारण मास्तरांच्या ओठांत टाचण्या असत. पण संध्याकाळी टाचण्या डबीत गेल्या की दिवसभराचं बोलणं उसळून बाहेर येई. गिऱ्हाइकं म्हणत, "मास्तरांचं माप म्हणजे दगडावरची रेघ!" हे ऐकलं की मास्तर मला दोन्ही हातांत धरून फट्‌कन ताणत. त्यांची ती आनंदाची सवय होती. मलाही आनंद व्हायचा, पण अंग दुखायचं.

फक्त तेवढंच नव्हतं. कपड्यांचं गाठोडं बांधायला दोरी सापडली नाही की मास्तरांची बायको मलाच गुंडाळी. कधी मी ओल्या कापडाखाली रात्रभर राही, कधी गरम इस्त्रीखाली सापडे. असं करता करता मी लांबले. हळूहळू, कुणाच्या ध्यानात न येता. माझ्यावरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचाहून जरासा मोठा झाला. साठ इंचांची मी आता खरी साडेबासष्ट इंचांची होते!

तुम्ही विचाराल, मग कपडे बिघडत नव्हते का? नाही. मास्तर अंगाचं माप माझ्याने घेत आणि कापडही माझ्यानेच मोजत. दोन्हीकडे चूक सारखीच, म्हणून कपडा अंगाला अचूक बसे. मी खोटं बोलत होते, पण दोन्हीकडे सारखंच बोलत होते. म्हणून माझी चोरी कधी उघडकीला आली नाही.

मास्तरांची मुलगी लग्नानंतर खूप दूर, परक्या देशातल्या एका मोठ्या शहरात राहायला गेली. तिला एक मुलगी झाली. आजोबांनी नातीला अजून जवळून पाहिलंही नव्हतं, पण फोनवर तिचं गोल तोंड बघून तिचं नाव ठेवून टाकलं, 'बटण'. बटण नऊ वर्षांची झाली तेव्हा मुलीचा फोन आला.

"बाबा, आता दुकान बंद केलंयत, तर दोघं इकडे या. तीन महिने राहून बघा. आवडलं तर कायमचे राहा."

"बघू," मास्तर म्हणाले. 'बघू' म्हणजे मास्तरांच्या भाषेत 'नाही'.

तेवढ्यात बटणने फोन ओढून घेतला. "आजोबा, मी शाळेच्या नाटकात जहाजाची कप्तान आहे! मला आठ बटणांचा कोट पाहिजे. तुम्ही शिवाल?"

हे काम आलं आणि मास्तरांचं 'बघू' विरघळलं. मुलीने नवी टेप आणून बटणचं माप घेतलं आणि फोनवर सांगितलं. कोटाची उंची अठ्ठावीस, छाती सव्वीस, बाही अठरा. मास्तरांनी निळं जाड कापड घेतलं, माझ्याने मोजून कापलं, आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर कोट शिवला. मित्रांनो, चूक कुठे झाली ते तुम्हाला कळलं ना? अंगाचं माप नव्या टेपचं, कापडाचं माप माझं. मला मात्र तेव्हा काहीच कळलं नाही. मी आपली गळ्यात मिरवत होते.

प्रवास फार लांबचा होता. आधी आगगाडी, मग एक विमान, मग दुसरं विमान. विमानतळावर तपासणीच्या दारातून जाताना मास्तर जवळ आले की ते दार ओरडे. चाव्या काढल्या, पट्टा काढला, तरी ओरडे. शेवटी तिथल्या शिपायाने माझी पितळी टोकं बघितली, हसला, आणि मला एखाद्या हारासारखी पुन्हा मास्तरांच्या गळ्यात घातली. मास्तरांच्या पत्नी, म्हणजे बटणच्या आजी, म्हणाल्या, "घ्या, झाला तुमचा सत्कार. आता चला."

विमानात बसल्या बसल्या मास्तरांनी मला काढलं आणि खुर्ची मोजली.

"अहो, आता विमानाला खोळ शिवणार की काय?"

"सव्वासोळा इंच. माणसाने बसायचं कसं यात?"

"श्वास सोडा, मावाल," आजी म्हणाल्या, आणि खिडकीला नाक लावून ढग बघत राहिल्या.

ते शहर! आजी तर पहिल्याच दिवशी त्याच्या प्रेमात पडल्या. दुकानाची काचेची दारं आपोआप उघडत, आणि आजी प्रत्येक दाराला "राहू दे, राहू दे" म्हणत. रस्त्यावर एकही गाडी नसताना माणसं लाल दिव्यापाशी गुमान उभी राहत. आजी म्हणाल्या, "बघा, कुणी बघत नाही तरी थांबलेत. अशी माणसं भली असतात." समोरच्या घरातली म्हातारी रोज खिडकीतून हात हलवी. आजींना तिची भाषा येत नव्हती, तिला आजींची. पण चौथ्या दिवशी दोघी जिन्यात उभ्या राहून अर्धा तास काहीतरी बोलत होत्या, आणि एकमेकींना समजतही होतं!

मास्तरांचं मात्र उलटं झालं. त्यांनी शहर डोळ्यांनी पाहिलंच नाही, माझ्याने मोजलं. पलंग सहा फुटी म्हणून आणलेला, तो भरला पाच फूट नऊ इंच. फळीवर तीस इंच लिहिलेलं, ती भरली एकोणतीसही नाही. "इथं सगळ्या मापात पाप आहे," ते म्हणाले. आता हे आठवलं की मला लाज वाटते. पण खरं सांगते, तेव्हा मलाही तसंच वाटलं. स्वतःचं माप कुणाला कळतं!

मग बटणने कोट घातला. बाह्यांतून तिची बोटं दिसेनात. खांदे ओघळले. आजींनी गालावर हात ठेवला. "अगं बाई! पोरगी किती वाळलीय! हिला जेवायला घालतेस की नुसत्या गोष्टी सांगतेस?"

"आई, ती वाळली नाही. दोन वेळा मागून खाते."

"मग तू माप चुकीचं सांगितलंस," मास्तर मुलीला म्हणाले. बटण आरशात बघून म्हणाली, "असू दे आजोबा. मी वाढेन की." पण नाटक शुक्रवारी होतं, आणि शुक्रवारपर्यंत इतकं वाढायला कुणालाच जमत नाही.

मास्तरांनी कोट उसवला. उसवताना अस्तर फाटलं, म्हणून कोपऱ्यावरच्या कापडाच्या दुकानातून त्यांनी दोन मीटर अस्तर आणलं. दुकानदार उंच, कपाळावर चष्मा चढवलेला, कमी बोलणारा माणूस होता. घरी येऊन मास्तरांनी अस्तर मोजलं. एकशे ब्याण्णव सेंटिमीटर! आठ कमी!

मास्तर तसेच परत गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मास्तरांनी अस्तर पसरलं, माझं तोंड त्याच्या टोकाला लावलं आणि आपल्या भाषेत कडाडले, "चोर! शिंप्याला फसवतोस? शिंप्याला?" दुकानदाराला शब्द कळले नाहीत, पण सूर कळला. त्याचे कान लाल झाले. त्याने काही न बोलता हातभर अस्तर आणखी कापून दिलं.

"पकडल्यावर कसं गुपचूप दिलं बघ," मास्तर घरी येऊन म्हणाले.

"भांडण नको म्हणून दिलं असेल बिचाऱ्याने," आजी म्हणाल्या.

"ते काही नाही. जिथं माप खरं नाही तिथं मी राहणार नाही. नाटक झालं की रविवारी परत. आणि राहून करायचं तरी काय? इथं माझ्या हाताला काम कोण देणार?"

आजींचा चेहरा उतरला. बटण मात्र आजोबांसमोर येऊन उभी राहिली. "इथले सगळे खोटे आहेत का, आजोबा? मी पण इथलीच आहे ना?"

मास्तरांनी डबी उघडून टाचण्या ओठांत धरल्या आणि उसवलेला कोट पुढ्यात ओढला.

समोरच्या म्हातारीने तिचं शिलाई मशीन दिलं. मास्तरांनी या वेळी माझ्यानेच बटणचं माप घेतलं आणि माझ्यानेच कोट पुन्हा बेतला. चार दिवस बटण शाळेतून आली की मशीनजवळ स्टूल ओढून बसे. गुरुवारी दुपारी कोट तयार झाला, आणि असा बसला, असा बसला, की जणू तिच्या अंगावरच उगवला होता.

"बघितलंस? माप हे असं घ्यायचं असतं," मास्तर मुलीला म्हणाले, आणि मला फट्‌कन ताणलं.

कोट अंगात ठेवूनच बटण जमिनीवर पालथी पडून नाटकासाठी पुठ्ठ्याचं जहाज आखू लागली. डोलकाठी लांब होती. तिची फूटपट्टी पुरेना, म्हणून तिने मला मागून घेतलं. एका बाजूची रेघ तिने पट्टी दोनदा ठेवून काढली होती, दुसऱ्या बाजूची माझ्याने काढली. दोन्ही साठ सेंटिमीटर. पण रेघा सारख्या येईनात. तिने पुसून पुन्हा काढल्या. मग मला जमिनीवर सरळ ठेवलं आणि शेजारी फूटपट्टी ठेवली. पट्टीवर तीस झाले तेव्हा माझ्यावर एकोणतीसही झाले नव्हते.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "तुमचा इंच माझ्या इंचापेक्षा मोठा आहे."

मास्तर खाली वाकले. चष्मा पुसला. पट्टी उलटी ठेवून बघितली. मग मुलीची नवी टेप आणवली. ती आणि पट्टी एकच बोलत होत्या. वेगळं बोलत होते ती मी एकटीच.

आजी आधी हसल्या नाहीत. मग त्यांच्या खांद्यांना कंप सुटला आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अहो, सगळं शहर आखूड नव्हतं हो! तुमचाच फूट लांब होता! आणि मी पोरीला वाळली म्हणून दोन लाडू जास्त चारत होते!"

मुलगीही हसली. मास्तर हसले नाहीत. "त्या माणसाला मी चोर म्हणालो," ते म्हणाले.

"त्याला कुठं कळलं?"

"मला कळलं ना."

मित्रांनो, त्या क्षणी मला कुठेतरी गुंडाळून लपावंसं वाटलं. इतकी वर्षं माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्या माणसाला मी मान खाली घालायला लावली होती. आता मास्तरांच्या गळ्यात नवी टेप असते आणि मी बटणच्या टेबलाच्या खणात राहते. माझी तक्रार नाही. पण एक मागणं आहे. तुमच्या घरातल्या टेपला, पट्टीला, तराजूला दोरीसारखं ओढू नका, गाठी मारू नका, ओल्यात टाकू नका. आणि अधूनमधून त्यांना दुसऱ्या एखाद्या मापाशेजारी ठेवून बघा. आपलं आपल्याला नेहमी बरोबरच वाटतं. शेजारी कुणीतरी लागतं.

तर त्या गुरुवारी संध्याकाळीच मास्तरांनी बटणकडून एक शब्द शिकून घेतला, 'चुकलो' याला तिथे जो शब्द आहे तो. जिन्यातून उतरताना त्यांनी तो सतरा वेळा घोकला. बटण कोट घालून त्यांचं बोट धरून चालली होती, आणि मी शेवटचं एकदा म्हणून त्यांच्या गळ्यात होते.

दुकानदाराने त्यांना दारात पाहिलं आणि न सांगताच कात्री उचलली, आणखी अस्तर द्यायला! ते पाहिलं मात्र, मास्तरांचा तो एकुलता एक शब्द पळाला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग त्यांनी मला गळ्यातून काढलं, काउंटरला ठोकलेल्या लोखंडी मीटरपट्टीवर सरळ ठेवलं, आणि बोटाने दाखवलं, हा तुमचा शंभर, हा माझा शहाण्णव. मग स्वतःच्या छातीला हात लावला आणि मान झुकवली. जादा दिलेला अस्तराचा तुकडा त्यांनी घडी करून पुढे ठेवला.

दुकानदाराने कात्री खाली ठेवली. चष्मा कपाळावरून नाकावर आणला. आधी मला पाहिलं, मग मास्तरांना, आणि तो मोठ्याने हसला. त्याच्या हसण्यात राग नव्हता. त्याच्या मागे मशीनवर अर्धवट शिवलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता, आणि मशीनपुढची खुर्ची रिकामी होती.

मास्तर जायला वळले. बटण वळली नाही. तिने कोटाची आठही बटणं सोडली, कोट उतरवला, आतली बाजू बाहेर केली आणि काउंटरवर पसरला. बाहेरून कोट कुणालाही आवडतो. शिवणारा कसा आहे ते आतूनच कळतं. दुकानदाराने शिवणीवरून बोट फिरवलं. खांद्यापाशी थांबलं, पुन्हा फिरवलं. मग तो वाकून बटणला काहीतरी विचारू लागला.

"ते विचारतायत, आजोबा," ती म्हणाली, "हे टाके कुणाचे?"

आणि आजोबा काही बोलायच्या आत तिने त्यांचा उजवा हात धरला, आणि दोन्ही हातांनी उचलून कोटाशेजारी ठेवला.