वास न येणारं शेत

दाजींनी मक्याचं पान ओरबाडलं, ह्यांच्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हे काय आहे, तूच सांग."

पान टोकापासून मधल्या शिरेपर्यंत पिवळं पडलं होतं. आमचे हे ते उलटसुलट करत उभे राहिले. ह्यांना सगळे टँकरवाला म्हणूनच ओळखतात. मोठ्या गोठ्याच्या खड्ड्यातलं शेण-मूत उपसून टँकरमध्ये भरायचं आणि लोकांच्या शेतात नेऊन शिंपडायचं, हा ह्यांचा धंदा. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मैत्रिणी नाक धरून हसल्या होत्या. मी म्हटलं, माणूस आंघोळ करतो ना, मग झालं.

दाजी म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचे, ताईचे, यजमान, आणि शेत त्या दोघांचं. दाजींचं म्हणणं असं, की घराजवळच्या बांधालगत एक पट्टा हिरवागार आलाय आणि आतलं सगळं रान पिवळं. तेव्हा घरातून दिसतं तिथं अस्सल माल पडला, आत नुसतं पाणी फिरलं आणि उरलेला माल भलत्याच्या शेतात गेला. हे त्यांनी आडून आडून सांगितलं, पण न कळायला आम्ही काही कुक्कुली बाळं नव्हतो.

ताई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि एक शब्द न बोलता आत निघून गेली.

तिथंच ह्यांचं कंबरडं मोडलं. ह्यांची आई लवकर गेली, त्यामुळे न्हाऊमाखू घालण्यापासून ट्रॅक्टर शिकवण्यापर्यंत सगळं ताईनंच केलेलं. घरी आल्यावर मी दाजींच्या नावानं तोंडाचा पट्टा सोडला, तर हे म्हणाले, "दाजी बोलले त्याचं काही नाही गं. ताई गप्प बसली."

त्यानंतर ह्यांनी ताईच्या घरावरून जाणारा रस्ताच सोडला. लांबचा वळसा घालून टँकर नेऊ लागले. जेवायला बसले की घास हातातच राहायचा. मी चिडायची, मग मलाच रडू यायचं. कारण ह्या माणसाला आपल्या कामाचा केवढा अभिमान, ते मला ठाऊक होतं. दुसरे टँकरवाले खत टाकून गेले की आजूबाजूच्या घरांच्या खिडक्या बंद होतात, शिव्याशाप सुरू होतात. आमचे हे नेमकी भर उन्हाची, वाऱ्याची दुपार गाठणार. घामानं निथळतील, पण दुपारच. कडक ऊन आणि वारा असला की वास भराभर उडून जातो, संध्याकाळी त्या शेतात खुशाल फिरायला जा, असं येईल त्याला छाती फुगवून सांगायचे. शेत त्याच दिवशी नांगरा अशी घाईसुद्धा शेतकऱ्याला कधी केली नाही. वासच नाही, मग घाई कशाला?

शेवटी मीच उठले आणि माती तपासायच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंना सगळे मातीबाई म्हणतात. उन्हानं रापलेल्या, कामापुरतं बोलणाऱ्या. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, "माझा नवरा चोर असेल, तर तेही मला कळू दे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि टोपी उचलली.

मी ह्यांना टँकर घेऊन शेतावर बोलावलं. आले बिचारे, पण बांधाच्या पलीकडेच उभे राहिले. दाजी हाताची घडी घालून, ताई त्यांच्या शेजारी. मातीबाई मक्यात शिरल्या, बराच वेळ फिरल्या आणि बाहेर येऊन त्यांनी पहिली चौकशी केली ती त्या हिरव्या पट्ट्याची. खत टाकलं त्या दिवशी इथं वेगळं काय झालं होतं?

ताईला आठवायला वेळ लागला नाही. ट्रॅक्टरला जोडायचा रोटाव्हेटर त्याच दिवशी दुरुस्त होऊन आला होता. नीट चालतो का, ते बघायला तिनं टँकरच्या मागोमाग ह्या एका पट्ट्यावर तो फिरवून माती उलटली. तेवढ्यात बोल्ट तुटला. उरलेलं शेत दोन दिवसांनी उलटलं.

"आणि इथलं खत त्याच टँकरमधलं?" मातीबाईंनी विचारलं.

"त्याच. आतलं सगळं शिंपून शेवटी इथं रिकामा केला," ताई म्हणाली. "मी ट्रॅक्टरवर बसून बघत होते."

मग मातीबाईंनी शेजारच्या मोकळ्या जमिनीवर टँकरमधलं थोडं खत टाकायला सांगितलं. अर्ध्यावर फावड्यानं माती ओढून घेतली, अर्धं तसंच उन्हात ठेवलं. पिशवीतून लाल लिटमस कागदाच्या पट्ट्या काढल्या, ओल्या केल्या, दोन वाट्यांना आतून चिकटवल्या आणि वाट्या दोन्हीकडे पालथ्या घातल्या. आम्ही सगळे ओणवे होऊन बघत राहिलो. दाजींची घडी कधी सुटली, त्यांनाही कळलं नसेल.

वाट्या उचलल्या. मातीखालच्या खतावरची पट्टी होती तशीच लाल. उघड्यावरची निळीशार.

"नाकात चढणारा तो उग्र वास म्हणजे अमोनिया," मातीबाई म्हणाल्या. "त्यानंच ही पट्टी निळी झाली. पिकाला हवं असलेलं नत्र त्यातच असतं. ऊन-वाऱ्यात खत उघडं पडलं की ते हवेत जातं. वास उडाला म्हणजे खताचा कस उडाला."

हे बांध ओलांडून आले. वाटीतली निळी पट्टी बोटानं चाचपत म्हणाले, "म्हणजे मीच उडवलं? मुद्दाम ऊन बघून?"

"तुम्हीच," मातीबाई म्हणाल्या. "ऊन उतरल्यावर टाका आणि लगेच माती उलटा."

हे मटकन खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मूर्ख ठरल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. पिकाचं जे गेलं ते गेलं, ते काही परत यायचं नव्हतं. पण घरात चोर नव्हता. दाजी दोनदा खाकरले आणि म्हणाले की पुढच्या पिकाला तू संध्याकाळी टँकर आण, मागून रोटाव्हेटर मी चालवतो. माफीबिफी त्यांच्या तोंडून निघायची नाही, तेवढ्यावरच आम्ही भागवून घेतलं.

मातीबाई निघून गेल्या. ह्यांनी डोळे पुसले आणि इतके दिवस पोटात दाबलेलं विचारून टाकलं. "ताई, त्या दिवशी तू गप्प का बसलीस?"

ताईनं ह्यांच्याकडे असं बघितलं, की हे लहानपणी चिखलात लोळून आल्यावर ती असंच बघत असेल.

"माझा भाऊ चोर नाही, हे काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे?" ती म्हणाली. "आत गेल्यावर मी तुझ्या दाजींना काय काय बोलले, ते त्यांनाच विचार. तू येशील म्हणून रोज वाट बघत होते. तू रस्ताच बदललास."

दाजी खाली बघून पायानं माती उकरत होते.

हे उठले आणि टँकर धुवायला गेले. आधी काळं, मग तपकिरी, मग निव्वळ स्वच्छ पाणी यायला लागलं, तरी आमच्याकडे पाठ करून पाइप धरून उभेच होते. ताईनं जाऊन नळ बंद केला.